आधी आकडा, मग कारण

सरांसमोर कुठल्याही गोष्टीला ‘चांगली’ म्हणायची सोय नव्हती. म्हटलंत की ते चालता चालता थांबायचे, दोन्ही तळहात तराजूच्या पारड्यांसारखे समोर धरायचे, एक जरा वर, एक जरा खाली, आणि विचारायचे, “कोणाच्या मानानं?”

कँटीनचा चहा, नवे विभागप्रमुख, उधन्याचा डॉक्टर, रिंग रोडवरून मी घासाघीस करून आणलेली साडी, सगळ्यांना हाच प्रश्न. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याशी साध्या गप्पा मारायच्या म्हणजे शिक्षा असते आणि तरी आपण त्याच्याच शेजारची खुर्ची धरतो. आमच्या स्टाफरूममध्ये ती खुर्ची मी धरली होती.

घरीसुद्धा त्यांची यातून सुटका नव्हती, म्हणजे घरच्यांची. वहिनींनी एकदा हौसेनं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती आणि मला जेवायला थांबवून घेतलं होतं. “कसं झालंय?” असं त्यांनी विचारलं आणि सरांचे हात वर जायला लागले. वहिनी घरात अहिराणीतच बोलायच्या. त्यांनी भाकरीचं ताट सरळ मागे ओढलं आणि म्हणाल्या, “तुमनी मायना हातनं नही से, इतलं ध्यानमा ठेवा आनि गुपचूप खा.” सर गुपचूप जेवले. त्या दिवशी मला कळलं की त्यांना गप्प करता येतं, फक्त ते मला जमत नाही.

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन सुरतेला आले, नवऱ्याची नोकरी पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्यात, घर डिंडोलीत. विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायला लागले आणि थोड्याच दिवसांत लिंबायतच्या कामगार वस्तीतले सांजवर्ग माझ्या गळ्यात आले. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. सांगून कोणाचं भलं होणार नाही.

सांजवर्ग म्हणजे एका शाळेच्या इमारतीत, शाळा सुटल्यावर भरणारं आमचं बी.ए. आणि बी.कॉम. बाक लहान मुलांचे, त्यामुळे गुडघे कुठे ठेवायचे हा पहिला प्रश्न. विद्यार्थी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे, तुटल्या सुताला गाठी मारणारे, मार्केटमध्ये पार्सल बांधणारे, घरी बसून साड्यांना टिकल्या लावणाऱ्या बायका. बहुतेक खानदेशातले. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, त्यामुळे अर्धा वर्ग या आठवड्यात आणि उरलेला अर्धा पुढच्या आठवड्यात. एकच धडा मला दोनदा शिकवायला लागायचा आणि मी रोज चिडचिड करत रिक्षातून उतरायची.

सर संख्याशास्त्राचे. ते याच वर्गांतून शिकलेले. वडील लिंबायतला लूमवर होते, स्वतः सरांनीही तरुणपणी मशीन चालवली होती, आणि याच बुटक्या बाकांवर बसून पदवी घेतली होती. पुढे एम.ए., मग पीएच.डी. विद्यापीठात प्रपाठक झाल्यावरही ते आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे गणित शिकवायला यायचे. कोणी भत्त्याचं विचारलं की विषय बदलायचे.

शिकवताना त्यांचा एक नियम होता. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे: आधी आकडा, मग कारण. “कारण आधी सांगितलं ना, की आकडा त्या कारणाच्या मागे पळतो,” ते म्हणायचे. “माणूस आधी ठरवतो की माझा पोरगा हुशार, मग मार्क मोजतो. तसं नाही करायचं. आधी आकडा येऊ द्यायचा. आवडो न आवडो. मग बसायचं शांतपणे, आणि तो तसा का आला ते बोलायचं.” ते विद्यार्थ्यांना पटायचं. मलाही पटायचं. एवढं शहाणपणाचं वाक्य एक दिवस आमच्याच मुळावर येईल असं कोणाच्या डोक्यात येणार?

प्लेगचं वर्ष होऊन गेलं होतं, सुरत झाडून-पुसून लख्ख झाली होती आणि सगळीकडे स्वच्छ कारभाराचं वारं होतं. त्यातच वरून एक समिती नेमली गेली. राज्यातल्या विद्यापीठांची कार्यक्षमता मोजायची आणि त्यांची एकमेकांशी तुलना करायची. पैसा किती आत जातो, शिक्षक किती, विद्यार्थी किती, आणि दुसऱ्या बाजूनं पास होऊन बाहेर किती पडतात. माहिती पाठवण्याचं काम आमच्याकडे सरांना मिळालं. ते इतके खूश झाले की जणू मुलीचं लग्न ठरलं.

“ताई, हे माझं काम आहे,” ते म्हणाले. “आयुष्यभर मी लोकांना ‘कोणाच्या मानानं’ विचारत आलो. आता सरकारच विचारतंय.”

त्यांनी मला त्यांची पद्धत समजावली, तीही लूमच्या भाषेत. दोन कारागीर आहेत. एकाकडे नवी मशीन, चांगलं सूत. दुसऱ्याकडे जुनी मशीन आणि घडोघडी तुटणारं सूत. सेठनं संध्याकाळी नुसतं कापड मोजलं तर पहिला हुशार ठरणार. “कापड मोजायचंच, पण आधी सूत कसलं दिलं होतं ते विचारायचं,” सर म्हणाले. विद्यापीठांचंही तसंच. प्रत्येकाला आपली सर्वांत चांगली बाजू पुढे करू द्यायची. कोणी म्हणेल आम्ही थोड्या पैशात चालवतो, कोणी म्हणेल आमचं संशोधन दांडगं. मग त्याच बाजूनं बाकी सगळ्यांना त्याच्या शेजारी उभं करायचं. तरीही दुसरा कोणी त्याच्यापेक्षा कमी सुतात जास्त कापड विणत असेल, तरच त्याला मागे म्हणायचं. इतकी सभ्य मोजणी मी तरी पाहिली नव्हती.

विभागात तेव्हा एकच संगणक होता. त्याच्या खोलीत थंड हवेचं यंत्र, दाराबाहेर चपला काढायच्या, आत हळू बोलायचं. एरवी साहेबलोक तिथे उन्हाळ्यात गार व्हायला जायचे. सर तिथे अनवाणी बसून दिवसचे दिवस आकडे भरत राहिले. तुलनेसाठी त्यांनी पत्रं पाठवून इतर विद्यापीठांकडून मागवलेली माहिती बघून तर मला तिडीक यायची. एकाच शिक्षकाची दोन विभागांत गणती, वसतिगृहाचा खर्च कधी धरलेला कधी गाळलेला. सर प्रत्येकाला पुन्हा विचारायचे, पुन्हा तेच उलटसुलट उत्तर यायचं. “मोजायचं म्हणतात आणि मापच लपवतात,” मी म्हटलं. ते म्हणाले, “लपवत नाहीत ताई. त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं.” त्यांच्या या समजूतदारपणाचा मला मनापासून राग यायचा.

त्यांच्या पद्धतीनं आमचं विद्यापीठ चांगलं वरच्या अंगाला आलं. तुटकं सूत असून आम्ही बरंच कापड काढत होतो. सरांनी तो अहवाल पाठवला. समितीनं आभार मानले आणि बाजूला ठेवला. त्यांना इतकं गुंतागुंतीचं नको होतं. उन्हाळी परीक्षेला नाव नोंदवलेले किती आणि त्यातले पास किती, एवढा साधा भागाकार करून त्यांनी यादी लावली. त्या यादीत आम्ही जवळजवळ तळाला होतो.

तळाला का होतो हे आम्हां दोघांना तोंडपाठ होतं. उन्हाळी परीक्षा आणि अखाजी एकाच सुमाराला येतात. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात ती दिवाळीच्या वरताण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. भावानं बहिणीला आणायला जायचं, त्याला मुराळी म्हणतात. आमच्या वर्गातले मुलगे हे सगळे कोणाचे ना कोणाचे मुराळी, आणि मुली सगळ्या माहेराला निघालेल्या. सुरतेतली निम्मी लिंबायत त्या दिवसांत जळगाव-धुळ्याच्या गाड्यांना लटकलेली असते.

एकदा मी वर्गात फार तणतणले होते. परीक्षेचा फॉर्म भरता, फी भरता आणि पेपरला येत नाही, याला काय अर्थ आहे? मागच्या बाकावरचा एक जण उभा राहिला. दाढीमिशीचा बाप्या, पण रडवेला झाला होता. “मॅडम, अखाजीले घर नही गऊ ते माय रडस,” तो म्हणाला. “पेपर काय, दिवाळीना टाइमले दिसू.” आणि पेपर देतही असत. हिवाळी परीक्षेला हेच लोक बसायचे, बरेचसे पास व्हायचे. नाही झाले तर पुढच्या वर्षी. कोणी पाच वर्षं लावायचं, कोणी सात, पण चिवटपणे येत राहायचे. समितीच्या भागाकारात मात्र उन्हाळ्याला गैरहजर तो नापास, विषय संपला. हिवाळी परीक्षेला तिथे रकानाच नव्हता.

सर गांधीनगरला जाऊन आले. एवढी एक ओळ वाढवा म्हणून कोणाकोणाच्या टेबलापुढे उभे राहिले. परत आले तेव्हा बुशकोटाला घामाचे पांढरे डाग पडले होते. “ते म्हणाले, गैरहजर म्हणजे गैरहजर,” सरांनी सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? “मी म्हटलं, कोणाच्या मानानं? ते हसले.”

मग कुलगुरूंनी बैठक बोलावली. सांजवर्गांची समन्वयक म्हणून मलाही बोलावणं होतं. लांबलचक टेबल, काजू-बदामाच्या बश्या, आणि सगळ्यांची तोंडं शेअर पडल्यासारखी. कुलगुरू वाईट माणूस नव्हते. त्यांना वर जाब द्यायचा होता, घाई होती, आणि माणूस हिशेबी होता. त्यांनी यादी सरांपुढे सरकवली आणि विचारलं, “सीधी वात करो, प्रोफेसर साहेब. आपणने नीचे कोण खेंचे छे?”

मी सरांकडे पाहिलं. डोळ्यांनी शक्य तेवढं ओरडले. म्हणा, समितीची पद्धत चुकीची आहे. म्हणा, अभ्यास करून सांगतो. म्हणा, मला ठसका लागलाय. काहीही म्हणा, पण ते म्हणू नका.

सर म्हणाले, “आकड्यांनी बोलायचं तर सांजवर्ग. ते काढले तर आपण पहिल्या तिनांत येतो.”

कुलसचिवांचं पेन लगेच चाललं.

“आता याचं कारण असं आहे साहेब,” सर सावरून बसले. फळ्यापुढे उभे राहिल्यासारखा त्यांचा आवाज लागला होता. आकडा सांगून झाला होता, आता ते शांतपणे कारण सांगणार होते. त्यांनी अखाजीचं नाव काढलं तसे कुलगुरू चकित झाले. “अखात्रीज? अखात्रीजे तो सोनुं लेवाय. परीक्षा शा माटे छोडवी?” सोनं घ्यायच्या दिवशी परीक्षा कशाला सोडायची, हे त्यांना कळेना. टेबलाभोवती हशा पिकला. कोणी तरी म्हणालं, मजूर लोको छे, भणे क्यांथी? शिकणार कुठून?

तेव्हा पहिल्यांदा सरांचा आवाज चढला. “भणे छे, साहेब. हुं पण त्यां ज भण्यो छुं.”

“तमारी वात जुदी छे,” कुलगुरू प्रेमानं म्हणाले आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय पार्किंगचा होता.

त्या उन्हाळ्यात सांजवर्ग बंद करायचा ठराव झाला. खासगीरीत्या परीक्षेला बसायची सोयही त्याच ठरावात गेली, म्हणजे मागचं दारसुद्धा लावून घेतलं. मी भांडले. अर्ज दिले, दोन नगरसेवकांना भेटले. एकाने मला सुपारी दिली, दुसऱ्याने आश्वासन. विद्यार्थ्यांचा मोर्चा काढावा म्हटलं तर विद्यार्थी कुठे होते? सगळे गावाला अखाजीला. घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

सरांवर मी इतकी चिडले होते की आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग एका दुपारी संगणकाच्या खोलीबाहेर, त्यांच्या चपलांशेजारी उभी राहून मी त्यांना फैलावर घेतलं. “कारण आधी सांगायला काय झालं होतं? त्या लोकांना तुमचा नियम माहीत होता का? तुम्ही आकडा दिलात आणि ते उठून गेले!”

ते पायात चपला सरकवायला लागले. “विचारलं ते बरोबर होतं, ताई. मी सांगितलं तेही बरोबर होतं,” ते म्हणाले. “मग चुकलं कुठं, ते मला सापडत नाहीये. मी रोज शोधतोय.” त्यांचे डोळे भरून आले होते. माझा राग तिथेच अडकून बसला. धड काढता येईना, धड गिळता येईना. मी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि आम्ही दोघं कँटीनला गेलो.

पुढच्या वर्षीच्या यादीत आमचं विद्यापीठ वर आलं, सरांनी सांगितलं होतं तसंच. एक कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ, आणि या यशाचे शिल्पकार म्हणून सरांचा सत्कार. ते नको म्हणत होते, पण त्यांना हाताला धरून व्यासपीठावर नेलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात खांद्यावर लोकरी शाल घेऊन ते उभे होते. एक वक्ते म्हणाले की आपल्या विद्यापीठाची कामगिरी उत्तम आहे. आम्ही स्टाफरूममधले सगळे सरांच्या हातांकडे बघायला लागलो. एक-दोघं आधीच हसू दाबत होते. सरांचे हात नारळाभोवती होते, ते तिथेच राहिले.

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कोणालाही विचारलेला मी ऐकला नाही. चहा चांगला म्हटला तर ते हो म्हणायचे. मी मुद्दाम एकदा अगदी भिकार साडी नेसून गेले आणि छान आहे ना, असं विचारलं. “छान आहे,” ते म्हणाले. मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. माणसाला दुखवायचंच असेल तर शिव्या द्याव्यात, मारावं. त्याच्याच अचूकपणानं त्याला मारणं ही कसली रीत?

वर्ष संपायच्या आत त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. विभागप्रमुखांनी समजूत घातली, मी घातली. त्यांनी ऐकलं सगळ्यांचं आणि अर्ज तसाच ठेवला. वहिनींना सुरत सोडायची नव्हती, पण त्या म्हणाल्या, “यास्ले आठे झोप नही लागस. तठे तरी लागी.” सामान टेम्पोत भरून ती दोघं पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावी गेली. स्टाफरूममधली त्यांची खुर्ची एका नव्या व्याख्यात्याला मिळाली. मुलगा हुशार आहे, बोलतो गोड. मी जागा बदलली.

त्यानंतरच्या जूनमधली गोष्ट. मी विभागाच्या व्हरांड्यातून चालले होते तर संगणकाच्या खोलीबाहेर एक बाई उभी दिसली. कडेवर मूल, हातात प्लास्टिकची पिशवी. दाराबाहेर चपला काढायच्या ही पाटी वाचून तिने चपला काढून ठेवल्या होत्या आणि आत जायचं धाडस मात्र तिला होत नव्हतं. माझ्याकडे पाहून तिचा चेहरा उजळला. “मॅडम! मी संगीता. टिकल्यावाली.”

मला आठवली. दुसऱ्या बाकावर बसायची, बोटांना कायम गोंद लागलेला असायचा. दुसरं वर्ष पास झाली होती. मग बाळंतपणाला माहेरी गेली, सासरे आजारी पडले, एक ना दोन.

“सर कुठेत?” तिने विचारलं. “सरांनी सांगितलेलं, केव्हाही ये, तुझं तिसरं वर्ष कुठं जात नाही. आता पोरगा मोठा झाला. मार्कशीटबी आणली.” ती पिशवी उघडायला लागली.

मी तिला थांबवलं. सर गावी गेले, परत येणार नाहीत, हे आधी सांगितलं. मग सांगितलं की सांजवर्गही बंद झाले.

“बंद?” ती म्हणाली. “कसाले?”

काय सांगणार? कार्यक्षमता, भागाकार, यादी. मी पोराच्या डोक्यावरून हात फिरवत जमेल तेवढ्या साध्या शब्दांत सांगितलं की परीक्षेच्या वेळेला तुम्ही सगळे अखाजीला गावाला जाता, म्हणून बंद केले.

तिने पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. राग नाही, रडणं नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, “पन आम्हीन परत येतस ना, मॅडम?”